वडिलांना कॅन्सरच्या दुखण्यासाठी मॉर्फिन लिहून दिलंय. व्यसन लागेल का? शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवावं का?

राखून ठेवायला ती मुदतठेव नाही. मॉर्फिनला पॅरासिटामॉलसारखी ठरलेली कमाल मर्यादा नसते. दुखणं वाढलं की डॉक्टर डोस वाढवतात. आज सुरू केलं म्हणून पुढे निकामी होत नाही.

माझा खरा राग 'दुखेल तेव्हा घ्या' या तीन शब्दांवर आहे. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा गुण अर्ध्या तासात जाणवू लागतो आणि चार तासांत ओसरतो. म्हणून ती घड्याळ लावून द्यायची. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्रीची बहुधा दुप्पट लिहितात, म्हणजे २ वाजता उठवावं लागत नाही. 'दुखेल तेव्हा'च्या हिशेबात आधी कळ सोसायची, मग गोळी, मग ती लागू पडेपर्यंत पुन्हा तळमळ. पेशंट दिवसभर गोळीचीच वाट बघतो आणि नातेवाईक म्हणतात, बघा, चटक लागली! अहो, चटक कसली, डोस अपुरा पडतोय.

मधेच कळ उसळली तर द्यायचा जादा डोसही लिहून घ्या. तो साधारण दिवसाच्या एकूण मात्रेचा सहावा भाग असतो, म्हणजे दिवसाला ६० मिलिग्रॅम असेल तर १०. कधी दिला ते वहीत मांडा, त्यावरूनच पुढचा डोस ठरतो. बारा तास हळूहळू औषध सोडणारी गोळी मात्र कुटून देऊ नका, सगळं औषध एकदम अंगात उतरतं.

मळमळ, गुंगी बहुधा आठवड्याभरात कमी होते. बद्धकोष्ठ जात नाही. पहिल्या दिवसापासून रोज रात्री बिसाकोडिल किंवा सेन्ना हे पोट साफ करणारं औषध हवंच. इसबगोल नको. आतडं आधीच मंदावलेलं, त्यात पाणी कमी गेलं की त्याचा आत गोळा होऊन बसतो. पाच दिवस पोट साफ न झालेला माणूस 'यापेक्षा दुखणं परवडलं' म्हणत औषध सोडतो.

मॉर्फिन जिच्यापासून बनतं ती अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्यावर पिकते, आणि गल्लीतल्या मेडिकलमध्ये मॉर्फिन मिळत नाही. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्याची ही दहशत. २०१४च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना एकच परवाना पुरतो, तेव्हा कॅन्सर हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्या विभागात विचारा.

व्यसन कधीच लागत नाही असं मी म्हणत नाही. पूर्वी दारूचं किंवा कसलंही व्यसन असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. किडनी कमजोर असेल तर औषधाचे अंश साचतात. हातपाय झटकू लागले किंवा हाक मारूनही नीट जाग येईना, तर पुढची गोळी न देता लगेच फोन करा. श्वास मंदावला तर थेट हॉस्पिटल. मनाने झोपेची गोळी जोडू नका, मॉर्फिन एकदम बंदही करू नका. कुलपात ठेवा. उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकांच्या गुडघ्यांसाठी नाहीत, जिथून आणल्या तिथे परत करा.