आधी नावं, मग खांब

प्रिय बाळा,

गावातल्या जवानांच्या स्मारकाचं डिझाईन तुझ्याकडं आलंय हे कळलं, फार बरं वाटलं. चित्र बघितलं, रायफल-हेल्मेट, मागं उंच खांब सगळं छान, पण नावं खाली कोपऱ्यात आणि तीपण सोनेरी पेंटनं. हे नको.

आधी देवळामागचा वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, बघून ये की. सकाळचं तिरपं ऊन असताना जा, भर दुपारी काही कळत नाही. खालच्या चौकटीत वीर लढतोय, मधल्यात अप्सरा वर नेताहेत, वरच्यात शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत ह्याची कीर्ती. खाली गाई असल्या तर गुरं सोडवताना गेला असं समजायचं. एवढं सगळं दगडात आहे, पण अक्षर एक नाही, त्यामुळं तो कुणाच्या घरचा हे आज कोण सांगणार?

मग चावडीवरची संगमरवरी पाटी वाच. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातनं इतके गेले, पैकी इतके मेले, संपलं. इंग्रजांनी गावोगावी अशाच पाट्या लावल्या, आकडा तेवढा वेगळा. इराकातल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावरपण तेच केलं, गोऱ्या शिपायांची नावं आणि आपल्या साध्या शिपायांचे नुसते आकडे. ११० वी मराठा पलटण एप्रिल १९१६ मध्ये इराकातच कूतला तुर्कांच्या हाती कैद झाली, किती जण परत आलेच नाहीत, आणि त्यांच्या वाट्याला आकडा! मला अजून राग येतो.

म्हणून नावं शोध. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून युद्धात मेलेल्या शिपायांच्या नोंदी ठेवणारी संस्था आहे, तिच्या साइटवर सर्च कर, स्पेलिंग वाट्टेल तसं असतं, चार प्रकारे टाईप करून बघ, कधी बापाचं आणि गावाचं नावपण मिळतं. घराघरात जुनं मेडल असलं तर हातात घेऊन कड बघ, तिथं बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेलं असतं. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच आहे, तिथं रीतसर पत्र दे.

अक्षरं खोल कोरून घे, आपल्या खानापूरच्या पावसात पेंट टिकत नाही. मराठी आणि कन्नड दोन्हीत लिही, खाली जागा मोकळी सोड, नावं उशिरापण सापडतात. कोरायच्या आधी प्रत्येक घरी मजकूर वाचून दाखव. खांब थोडा बुटका केलास की खर्च बसतोय, एस्टिमेट आलं की पाठव.

तुझे सर