ठाण्याच्या पावसात आरसी गाड्यांसाठी छपराखाली मातीचा ट्रॅक होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घोडबंदर रोडच्या बाजूला ६० बाय १०० फुटांची जागा भाड्याने मिळतेय, वर पत्रा टाकून आरसी बग्ग्यांसाठी (रिमोटवर चालणाऱ्या छोट्या मॉडेल गाड्या) बारमाही मातीचा ट्रॅक करायचाय, तर छप्पर कसलं, माती कुठली आणि खर्च किती. छपराबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात. मातीखाली काय टाकायचं, याबद्दल एकही नाही. आम्हीही नेमकं हेच केलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आम्ही पाच जण. जागा शिळफाट्याजवळ, आकार जवळपास तुमच्याइतकाच. पहिल्या वर्षी मेअखेर पत्रा चढला. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा आम्ही चहाचे ग्लास घेऊन खाली उभे, डोक्यावर पत्रा ताशासारखा वाजतोय आणि ट्रॅक कोरडा ठणठणीत. पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. जुलैच्या मध्यावर मधल्या जंपच्या पायथ्याशी माती काळपट दिसायला लागली. पत्रा गळतोय म्हणून एक जण शिडी लावून वर गेला, स्क्रू न् स्क्रू बघून आला. पत्रा धड होता. मग मी बोट खुपसलं, तर दोन पेरं आत नुसता चिखल. पाणी वरून नव्हे, खालून येत होतं.

आपल्याकडे पावसाळ्यात जमीन तुडुंब असते. खाडीच्या बाजूला तर त्याहून बिकट. नवी मुंबईचे काही भाग भरतीच्या पातळीखाली आहेत, म्हणूनच सिडकोने तिथे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून ठेवणारे धारण तलाव बांधले. भरती आणि पाऊस एकत्र आले की पाण्याला जायला जागा उरत नाही. अशा जमिनीवर माती नुसती ओतून ठेवली, तर ती दिव्याच्या वातीसारखी पाणी वर खेचते. शिवाय तुमच्या ६० बाय १०० च्या छपरावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचं साधारण ५५ हजार लिटर पाणी होतं. म्हणजे १० हजारी टँकर साडेपाच. १०० मिलिमीटर हा आपल्या जुलैला काही मोठा पाऊस नाही. पन्हळ लावून ते पाणी जोत्याशीच सोडलंत, तर तुम्हीच ट्रॅकला पाणी पाजताय.

म्हणून आधी जोतं. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान दीड फूट वर घ्या. खाली दगडी सोलिंग (दगड रचून केलेला थर), त्यावर सहा इंच मुरूम पाणी मारून रोलरने बसवलेला, त्यावर इंचभर कच (दगडाचा बारीक चुरा), कचेवर २५० मायक्रॉनचं काळं प्लास्टिक आणि मग माती. कच नसेल तर मुरमाचे दगड प्लास्टिक फाडतात. आमचं दोन ठिकाणी फाटलं, आणि ती दोन ठिकाणं आजही पावसाळ्यात बरोबर ओळखू येतात. चारही बाजूंनी चर, आणि पन्हळीचं पाणी पाइपाने थेट त्या चराच्या पलीकडे. हे सगळं मातीखाली जाणार, फोटोत काही दिसणार नाही, त्यामुळे मित्रमंडळी पैसे काढताना कुरकुर करतील. आमचा निम्म्याहून जास्त पैसा छप्पर आणि जोत्यातच गेला.

प्लास्टिक आलं की एक नवी भानगड सुरू होते: वरून मारलेलं जास्तीचं पाणीही खाली जात नाही. तेव्हा नळीने पाणी मारायची सवय सोडा. झारी किंवा बारीक फवारा, आणि थोडं थोडं.

आता माती. ट्रकवाला “लाल माती आहे, एक नंबर” म्हणेल. रिकामी करू देऊ नका. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घ्या, पाणी भरा, चिमूटभर कपड्याचा साबण टाका, खळखळून हलवा आणि ठेवून द्या. रेती मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत तरंगत राहते. थर मोजा. आमची जी माती चांगली निघाली तिच्यात चिकणमाती पाव ते एक तृतीयांश होती. त्याहून कमी असेल तर टायर ती उधळून टाकतात, फारच जास्त असेल तर तडे जातात. काळी माती स्वस्त पडली तरी नको. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. शेताला ते चालतं, ट्रॅकला नाही. जांभ्याची लाल माती फारशी फुगत नाही. क्रिकेटच्या खेळपट्ट्यांतही लाल आणि काळ्या मातीचा हाच वाद चालतो आणि वानखेडेची लाल माती उसळीसाठी ओळखली जाते, तर आपल्या बग्गीने काय घोडं मारलंय?

किती लागेल? ६,००० चौरस फुटांवर चार इंच बसलेला थर म्हणजे २,००० घनफूट, म्हणजे २० ब्रास (१०० घनफुटांचा एक ब्रास). दाबल्यावर माती बसते, म्हणून २६ ब्रास धरा, जंपांची वेगळी. भाव दर हंगामाला बदलतो, त्यामुळे रुपयांचा आकडा माझ्याकडून घेऊ नका, ब्रासचा भाव विचारा आणि गुणाकार करा. माती आणि मुरूम गौण खनिजात मोडतात, तेव्हा रॉयल्टीची पावती आणि वाहतुकीचा पास ट्रकवाल्याकडून मागून घ्याच. आणि जागा खाडीकाठी असेल तर खारफुटीपासून ५० मीटरच्या आत भराव टाकायचा विचारही नको.

आमच्या मातीचं खरं काम कुणी शिकवलं असेल तर मुरबाडकडच्या एका मुकादमकाकांनी. आम्ही इंटरनेटवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून माती पसरली, पाणी मारलं, रोलर फिरवला आणि सुकायला सोडली. तिसऱ्या दिवशी कासवाच्या पाठीसारखे तडे. काका पलीकडच्या गोडाऊनच्या कामावर होते. येऊन बघितलं आणि म्हणाले, “खळं कधी केलंय का रे पोरांनो?” कुणीच केलं नव्हतं. त्यांनी सगळं परत भिजवायला लावलं आणि एक रात्र ताडपत्रीखाली मुरू दिलं. सकाळी अंगठा दाबून बघितला. ठसा उमटला पाहिजे, पण माती अंगठ्याला चिकटता कामा नये. तसं झालं की धुमस, म्हणजे जमीन चोपायचं जड ठोकणं. दुपारी केसासारखा तडा दिसला की लगेच, ओल आहे तोवर, पुन्हा चोपायचं. वाळल्यावर चोपलं तर पोपडे निघतात. तीन दिवस आम्ही आळीपाळीने धुमस चालवला, मोकळ्या पट्ट्यांवर भाड्याचा प्लेट कॉम्पॅक्टर. चौथ्या दिवशी ट्रॅकवरून हात फिरवला तर गावच्या ओसरीवर फिरवल्यासारखा लागला.

काकांनी वरून शेणाने सारवायचंही सुचवलं होतं. केलं. दिसायला झकास, पण पहिल्याच वळणावर टायरांनी पापुद्रे उडवले. खळ्यावर बैल फिरतात, ५० किलोमीटर वेगाची मोटर नाही.

रोजची ओल बघायला मूठ पुरते. वरची माती खरवडून तिचा लाडू वळा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. दोन-तीन तुकडे झाले तर बरोबर, पचकन बसला तर ओला, भुगा झाला तर कोरडा.

आता मिठाचं. बाहेरच्या ट्रॅकवाल्यांचा आवडता सल्ला म्हणजे मातीत मीठ किंवा कॅल्शियम क्लोराइड घाला, हवेतली ओल ओढून धूळ बसते. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत बसतही असेल. आपल्याकडे पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं म्हणून आई त्यात तांदळाचे दाणे टाकते, हे आम्हाला गोणी रिकाम्या करेपर्यंत आठवलं नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ विरघळायला लागतं, आणि जुलैत ती इथे त्याहून खाली क्वचितच येते. ट्रॅकला अक्षरशः घाम फुटला. गाड्यांच्या बेअरिंगना आणि शेडच्या खांबांना गंज चढला तो वेगळाच. तो थर खरवडून फेकावा लागला. काकवीच्या पाण्याचाही सल्ला मिळेल. मुंग्यांची हौस असेल तर करून बघा.

मार्च ते मे उलटा त्रास: पत्र्याखाली भट्टी आणि धूळ. तेव्हा आदल्या रात्री फवारा मारून ताडपत्री टाकायची, म्हणजे सकाळी ओल सगळीकडे सारखी मुरलेली असते. शर्यतीच्या दिवशी वरवर पाणी मारलंत, तर वर चिखल आणि खाली भुगा.

छपराबद्दल फार नाही. झड नैऋत्येकडून येते, त्या बाजूला पत्रा चार-पाच फूट जास्त बाहेर काढा. बाजू पूर्ण बंद करू नका, हवा खेळायला हवी. मध्ये खांब नकोत. मोठ्या कैचीचे पैसे लागतील, पण खांबाआड गेलेली गाडी चालवता येत नाही. चालकांचा माचा लांब बाजूला, सहा-सात फूट उंच, आणि दिवे माच्याच्या मागून पुढे पडतील असे. वर चार-सहा पॉलिकार्बोनेट शीट टाका, दिवसाचं लाइट बिल वाचेल.

ट्रॅकची रुंदी आम्ही दहा फूट ठेवली, १/१० मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या बग्ग्यांना ती पुरते. १/८ च्या गाड्या इथे आणूच देऊ नका. त्या दुप्पट वजनाच्या, एका रविवारी जंपांची वाट लावतील. नायट्रो इंधनावर चालणाऱ्या गाड्या तर छपराखाली नकोतच, धूर कोंडतो. कडेला काळा पाइप, सळईच्या आकड्यांनी जमिनीत ठोकलेला. विटा लावू नका, सस्पेन्शनचे आर्म तुटतात. जंपची चढण कशीही चालेल, उतरण मात्र लांब आणि सौम्य हवी. जंपचं टोक सगळ्यात आधी झिजतं, तिथल्या मातीत थोडा चुना मळा.

आणि वेळ मोजायची तार. गाडीतला ट्रान्सपाँडर (गाडीची ओळख सांगणारा छोटा सिग्नल-यंत्र) ओळखायला स्टार्ट लाइनखाली तारेचं वेटोळं लागतं. त्यासाठी रिकामा पीव्हीसी पाइप मातीच्या आधी टाकून ठेवा. आम्ही विसरलो आणि चोपून तयार झालेला ट्रॅक पहारीने फोडताना काकांनी आमच्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी विसरणार नाही.

चार्जिंगचं टेबल ट्रॅकपासून लांब, खाली लादी, शेजारी कोरड्या रेतीच्या दोन बादल्या. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी फुगली की वापरायची नाही, घरी नेऊन कपाटात तर अजिबात ठेवायची नाही.

तुमच्या जागेचा उतार कुठल्या बाजूला आहे ते कळवा. पत्रेवाल्याला इसार द्यायच्या आधी एकदा जोरदार सर पडून गेल्यावर तिथे जा, कोपऱ्यात दोन फूट खड्डा खणा आणि अर्ध्या तासात त्यात किती पाणी भरतं ते बघा. ते कळलं की जोतं किती उंच घ्यायचं, ते मी सांगू शकेन.