जोमदार ठोंबातून नवा वाण निघेल का?

प्रश्न : आमच्याकडे उसाच्या कडेला दहा गुंठे संकरित नेपिअर आहे. कोपऱ्यातले काही ठोंब बाकीच्यांपेक्षा उंच आहेत, फुटवे जास्त, पानं रुंद. त्यांच्याच कांड्या लावत गेलो तर आमचा स्वतःचा वाण तयार होईल का?
— एक दूध उत्पादक, कागल तालुका

उत्तर : आधी त्या कोपऱ्यात गोठ्याचं पाणी उतरतं का ते बघा. माझा पहिला संशय तिथंच.

संकरित नेपिअर म्हणजे बाजरी आणि हत्ती गवताचा संकर. बाजरीची गुणसूत्रं १४, हत्ती गवताची २८, संकरात येतात २१. त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून त्याला बी धरत नाही आणि लागण कांडीनं किंवा ठोंबानंच करावी लागते. एकाच वाणाच्या कांड्या लावल्या असतील तर तुमचे सगळे ठोंब एकाच झाडाच्या नकला. ८६०३२ ऊस शिरोळच्या काळ्या रानात एक दिसतो, पन्हाळ्याच्या मुरमाड रानात दुसरा. वाण तोच ना? कांडीत क्वचित नैसर्गिक बदल होतो, नाही असं नाही. खात्री करायची तर जोमदार आणि रोडक्या ठोंबांच्या कांड्या एकाच सपाट तुकड्यात एक सरी याची, एक सरी त्याची अशा लावा. दोन-तीन कापण्यांत फरक मिटला, तर तो जमिनीचा होता.

पैदासकार, म्हणजे नवे वाण तयार करणारा शास्त्रज्ञ, हेच मोठ्या प्रमाणावर करतो. ठिकठिकाणची बाजरी आणि हत्ती गवत शेजारी शेजारी लावून उंची, फुटवे, पान-खोडाचं प्रमाण मोजतो आणि दिसणाऱ्या फरकातला रक्तातला किती, हवा-पाण्याचा किती, ते वेगळं काढतो. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९३६ साली मांडलेल्या 'डी-स्क्वेअर' अंतरानं, म्हणजे अनेक गुण एकत्र धरून दोन वाण एकमेकांपासून किती वेगळे ते सांगणाऱ्या मापानं, वाणांचे गट पाडतात. दूरच्या गटांतले, पण मुळात चांगले जोडीदार निवडले की पुढच्या पिढीत निवडीला वाव मिळतो. उंचीचं मला तरी फार कौतुक नाही. जाड खोड म्हैस गव्हाणीत तसंच टाकते.

स्वतः निवड करायची हौस असेल, तर आफ्रिकन टॉल हा वैरणीचा मका घ्या. परागीभवन वाऱ्यावर, त्यामुळे झाडागणिक फरक असतो. दुसऱ्या मक्यापासून निदान २०० मीटर अंतरावर पट्टा राखा, नावडती झाडं तुरा यायच्या आत काढा. बियाणं मात्र चार-दोन कणसांचं नको. शंभरेक चांगल्या झाडांचं मिसळून ठेवा, नाहीतर काही पिढ्यांत मका खुजा होत जातो. तेवढा पट्टा हिरवा कापायचा नाही, कणसं वाळेपर्यंत थांबायचं. वैरणीच्या टंचाईत घरची मंडळी कुरकुरतील, ते तुम्ही सांभाळा.