लॉकडाऊनमध्ये मुंबईहून आलेल्या आपल्याच माणसांना कोकणातल्या गावांनी खरंच बाहेर ठेवलं का? घराघरांत काय चाललं होतं?

आमचं गाव देवगड तालुक्यात. २०२० चं सगळं वर्ष मी गावीच होतो, त्यामुळे जे बघितलं तेच लिहितो. बाहेर ठेवलं हे खरं आहे, गावांच्या तोंडावर बांबू आडवे पडले होते ते पण खरं आहे. पण टीव्हीवर "गाववाले विरुद्ध चाकरमानी" असं जे चालायचं ते मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही, कारण दिवसा बांबूजवळ उभा राहणारा आणि रात्री शाळेच्या पायरीवर जेवणाचा डबा ठेवून येणारा माणूस बऱ्याच ठिकाणी एकच होता.

आधी मुंबईची बाजू बघा. माझा चुलत भाऊ वरळीला बीडीडी चाळीत राहतो. १६० चौरस फुटांची एक खोली, त्यात काकू, वहिनी, दोन पोरं आणि तो, संडास मजल्यावर सगळ्यांना मिळून. मार्चच्या शेवटी जवळचाच वरळी कोळीवाडा सील झाला आणि तेव्हापासून वहिनीचा रोज फोन, रोज रडणं. तो हॉटेलात कामाला, हॉटेल बंद म्हणजे पगार बंद. "घरातच थांबा" हे त्या खोलीत कसं पाळायचं ते सांगणाऱ्यांनी एकदा तिथे राहून बघायला हवं होतं. गावी एवढं मोठं घर असताना माणूस गावाकडे नाही बघणार तर कुठे बघणार.

आता गावची बाजू. गावात राहिलंय कोण? म्हातारी माणसं. एकाला शुगर, एकाला बीपी, आमच्या बाबांना दमा. ओरोसचं जिल्हा रुग्णालय आमच्याकडून चांगलं दीड तासावर, सुरुवातीला स्वॅब जिल्ह्याबाहेर जायचे, रिपोर्ट येईपर्यंत सगळी वाडी जीव मुठीत धरून. सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडीच्या बाई असं मिळून ग्राम कृती दल केलं आणि सगळा भार त्यांच्यावर टाकला. आमच्या आशाताई घरी शिवलेला मास्क लावून दारोदार फिरायच्या, मुंबईवरून कोण आला त्याची नोंद करायच्या आणि त्याबद्दल लोकांच्या शिव्या पण त्याच खायच्या. त्या बाईंबद्दल मला अजून पुष्कळ लिहिता येईल, इतकं त्यांनी केलंय.

मे महिन्यात भावाने पास काढला आणि फोन केला की आम्ही निघतोय. आमचं घर आजोबांचं, सामायिक, त्याचा हक्क माझ्याइतकाच. पण न्हाणी एक, संडास एक आणि बाबा दम्याचे. सगळा प्रश्न तिथे अडला होता, माणुसकी वगैरे शब्द लोक नंतर लावतात. बाबा काही बोललेच नाहीत, शेवटी आईने फोन घेतला आणि सरळ सांगितलं, "घर तुमचाच आसा, येवा. पण पयले चवदा दिस कलमांतल्या मांगरात ऱ्हवा, जेवाण मी पोचयतंय."

बाहेरून आलेल्यांना ठेवायला शाळा पण होती, पण शाळेत आधीच तीन कुटुंबं होती म्हणून मांगर, म्हणजे आंब्याच्या बागेतलं खोपट. पंपाच्या मीटरवरून वायर ओढली, मागे खड्डा मारून पत्रे आणि झापं लावून संडास केला, पाण्याचं पिंप ठेवलं. खारेपाटणच्या चेकपोस्टवर रांगेत दिवस काढून ते रात्री उशिरा पोचले. पोरं मांगर बघून खूश झाली, काकू पण काही बोलली नाही, पण भाऊ दुखावला. आपल्याच घराच्या पायरीवर चढायचं नाही हे त्याला सहन होत नव्हतं आणि ते मला दिसत होतं. बाबा रोज संध्याकाळी बांधापर्यंत जाऊन उभे राहायचे, तो आत तोंड फिरवून बसायचा. त्यावर बोलून काही उपयोग झाला नाही, उपयोग आंब्याचा झाला.

त्या वर्षी हापूसचं फार कठीण होतं. वाशी मार्केट कधी चालू कधी बंद, राखणीचे आणि काढणीचे नेपाळी गडी काही आधीच गेलेले, ट्रक मिळेना. भावाने मांगरात बसून मोबाईलवर वरळी, प्रभादेवीच्या सोसायट्यांचे ग्रुप धरले, हॉटेलातली ओळखीची गिऱ्हाईकं धरली आणि पेट्यांची ऑर्डर घ्यायला लागला. मी काढणार, आई आणि बाबा इकडे पडवीत भरणार, तो तिकडून पैसे आणि पत्ते बघणार. आमच्या पेटीचा भाव दलालाने न ठरवता आम्ही ठरवला असं पहिल्यांदाच झालं. आणि पेटी किती डझनाची भरायची हे बाबांना विचारल्याशिवाय त्याला ऑर्डर घेता येईना, म्हणून मग फोनवर का होईना दोघं बोलायला लागले.

गणपतीला पुन्हा तोच गोंधळ. २२ ऑगस्टला चतुर्थी, सरकारने क्वारंटाईन १४ वरून १० दिवसांवर आणलं, १२ तारखेच्या आत या म्हणून सांगितलं, एसटीने येणाऱ्याला ई-पास नको. आमचा भाऊ गावातच होता म्हणून आम्ही सुटलो, पण वाडीत कितीतरी घरी एकट्या म्हातारीने गणपती आणून बसवला, भजनाची बारी नाही, फुगडी नाही, आरतीला मुलगा मोबाईलच्या स्क्रीनवर.

आता वाईट पण सांगायला हवं. पलीकडच्या वाडीत एक कुटुंब असंच आलं, घराला कुलूप आणि किल्ली चुलत्यांकडे, त्यांनी दिली नाही. शाळेत पाणी नव्हतं. ती माणसं लहान बाळ घेऊन काजूच्या बागेत उघड्यावर राहिली. दुसऱ्या लाटेत २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, लाईट गेली, टॉवर बंद, तेव्हा त्याच चुलत्यांचा ऑक्सिजन उतरला आणि शेजारी राहणाऱ्या पुतण्याला बोलवायचं की नाही यावर घरात वाद होत बसले. शेवटी आशाताईच जाऊन पुतण्याला उठवून आल्या आणि त्याने पडलेल्या झाडांतून वाट काढत गाडी नेली. चुलते वाचले. दोन्ही घरं आजही एकमेकांशी बोलत नाहीत.

म्हणून तुम्हाला कोणी असा किस्सा सांगितला की गावाने हाकललं किंवा मुंबईकर रोग घेऊन आले, तर एवढंच विचारा की माणूस यायच्या आधी त्याच्या झोपायची, पाण्याची आणि संडासाची सोय कोणी केली होती, आणि ते त्याला आधी सांगितलं होतं की वेशीवर आल्यावर. माझ्या बघण्यात जिथे भांडणं पेटली तिथे हेच राहिलं होतं. आमच्याकडे भाऊ लोकल सुरू झाल्यावर परत कामाला गेला. घरामागे आता दुसरी न्हाणी आणि संडास बांधलाय, खर्च दोन्ही घरांनी अर्धा अर्धा केला आणि पेट्यांच्या ऑर्डरी अजून तोच घेतो.