निवडायचं कुठे आणि कुठे नाही

अनेक आशीर्वाद.

सीतेच्या वेणीवर, झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या त्या ऑर्किडवर, काम करायचं ठरवलंस, वाचून बरं वाटलं. लांब, दाट, गडद ठिपक्यांच्या वेण्या असलेली झाडं टिपणार, असं लिहिलंयस. टीप की. पण शेजारची चार फुलांत आटोपलेली झाडंही त्याच वहीत, तितक्याच काळजीनं आली पाहिजेत. संकर करणारा निवड करतो. जंगल राखणाऱ्याला ती मुभा नाही. दोघांना वही मात्र एकच लागते.

मोजमाप मे-जूनमध्ये, बहर पूर्ण उघडल्यावर घे. वेणीच्या मधल्या भागातलंच फूल मोज, टोकाची लहान राहतात. ओठ, म्हणजे फुलाची ती वेगळी दिसणारी पाकळी, आणि त्यामागची पिशवी वेगळी मोजायची, कॅलिपरनं. रंग सावलीतल्या उजेडात रंगपट्टिकेशी ताडून लिही; मोबाइल आपल्या मनानं रंग खुलवतो, त्याच्यावर विसंबू नकोस. पानाचं कुरतडल्यासारखं टोकही पाहून ठेव.

खरी गोम पुढे आहे. झाड आंब्यावर आहे की जांभळावर, किती उंचीवर, ऊन कुठून येतं, हे लिहिलं नाहीस तर आकडे मुके. सावलीत पानं लांबतात, उन्हात आखूड आणि जाड होतात. त्यामुळे ‘लांब पानांचा वाण सापडला’ म्हणून जे नाचवलं जातं, ती बरेचदा नुसती सावली असते. गुण वंशातला की जागेचा, हे झाडं एकाच शेडनेटखाली दोन-तीन हंगाम शेजारी शेजारी वाढवल्यावरच कळतं. त्यासाठी उभ्या झाडावरून एकही उपटायचं नाही. वादळात मोडून पडलेल्या फांद्यांवरची घे, तीही वनखात्याची लेखी परवानगी काढूनच.

निवडीची ताकद पाहायची तर निळ्या वांडाकडे, दुसऱ्या एका ऑर्किडकडे, बघ. खासी टेकड्यांतलं हे फूल निळं, जाळीदार, पण पाकळ्या पिळवटलेल्या. फिलिपिन्सच्या वांडा सँडेरियानाचं फूल गोल, सपाट. दोघांच्या संकराची, वांडा रॉथ्सचाइल्डियानाची, नोंद १९३१ची. कोणाकडून काय घ्यायचं हे कोणीतरी आधी नीट पाहिलं होतं, म्हणून ते जमलं. आणि हाव पाहायची तर तीही याच फुलापाशी: १८५० साली वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांनी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानासाठी सात माणसांच्या ओझ्याइतकी झाडं गोळा केली, इंग्लंडात जिवंत पोचली मोजकीच.

आता बियांचं. एका बोंडात धुळीसारख्या हजारो बिया, पोटात शिदोरी नसलेल्या. रानात बुरशीच्या मदतीशिवाय त्या रुजत नाहीत. १९२२ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ नडसन यांनी त्या बुरशीविना, साखर घातलेल्या माध्यमावर रुजवून दाखवल्या. तेव्हापासून एकाच देखण्या झाडाच्या बोंडातून बाटल्याच्या बाटल्या भरणं सोपं झालंय. रोपवाटिकेला ते चालेल. पण तीच रोपं रानात लावलीस तर एकाच आईची पोरं सगळीकडे होतील, आणि एका रोगाला सगळी मिळून बळी पडतील. रानासाठी बी अनेक झाडांचं, साध्यासुध्यांचंही, आणि बहुतेक बोंडं झाडावरच ठेवून घ्यायचं.

अहवालात जागा फक्त तालुक्यापर्यंत छाप. नेमका ठावठिकाणा तुझ्या वहीत आणि वनखात्याकडे राहू दे. असले अहवाल झाडं विकणारेही वाचतात.

तुझे सर