फायब्रोस्कॅनमध्ये 9.8 केपीए आलं, म्हणजे सिरॉसिस झालाय का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: वय 46, सोनोग्राफीत ग्रेड 1 फॅटी लिव्हर, फायब्रोस्कॅन (यकृताचा ताठरपणा मोजणारी तपासणी) 9.8 केपीए, म्हणजे किलोपास्कल, आयक्यूआर (मापांचा विखुरलेपणा) 34 टक्के, कॅप (त्याच मशीनवरचा यकृतातल्या चरबीचा आकडा) 312, रक्तातली यकृताची एन्झाइम्स एसजीओटी 58 आणि एसजीपीटी 81, प्लेटलेट 2.1 लाख, आणि नाश्ता करून तासाभरात तपासणी झाली. यावरून सिरॉसिस, म्हणजे व्रण साठून यकृत कठीण होणं, ठरत नाही. 9.8 हा आकडाच अजून धरू नका; कारण तो 34 टक्के आणि तो नाश्ता.

मी यकृताच्या इमेजिंगवरच संशोधन करते. रिपोर्ट हातात आला की मी केपीएच्या आधी आयक्यूआर बघते. तपासणीत त्वचेवर टेकवलेल्या प्रोबचं टोक बरगड्यांच्या फटीत 50 हर्ट्झचा हलका ठोका देतं. त्याने उठलेली लहर यकृतातून किती वेगाने जाते ते अल्ट्रासाउंड टिपतं. यकृत जितकं ताठर, तितकी लहर वेगवान: 5 केपीएला सेकंदाला सुमारे 1.3 मीटर, 9.8 ला 1.8 मीटर. अशी किमान 10 मापं घेऊन मशीन त्यांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, छापतं. मापं किती विखुरली ते आयक्यूआर सांगतो. मध्यक 7.1 केपीए किंवा जास्त असेल तर आयक्यूआर त्याच्या 30 टक्क्यांच्या आत हवा. तुमच्या बाबतीत मधली निम्मी मापंच जवळजवळ 3.3 केपीएच्या पट्ट्यात पसरली आहेत. पुढे येणाऱ्या 8 आणि 12 या सीमांच्या मानाने हा विखुरलेपणा फार मोठा आहे.

मापं विखुरण्याची नेहमीची कारणं म्हणजे प्रोब तिरका धरणं, फट अरुंद असणं, किंवा पोटावर चरबी असूनही एम प्रोबच वापरणं. एम प्रोब त्वचेखाली 25 ते 65 मिलिमीटरमधलं मोजतो. त्वचेपासून यकृतापर्यंत 25 मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर 35 ते 75 मोजणारा एक्सएल प्रोब लागतो. एकाच माणसात एक्सएलचा आकडा एमपेक्षा थोडा कमी येतो, म्हणून रिपोर्टवर प्रोबचं नाव आहे का ते बघा.

आता नाश्ता. जेवणानंतर पोर्टल शिरेतून यकृताकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो, यकृत ताणलं जातं आणि आकडा फुगतो. फायब्रोसिस, म्हणजे यकृतात साठलेले व्रण, तेवढाच असतो. म्हणून तपासणीआधी 3 तास उपाशी राहायचं असतं. हे सांगायचं केंद्रात राहून जातं याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यापायी लोक महिनोन्‌महिने धास्तावून बसतात. तीव्र कावीळ, पित्तनलिकेतला अडथळा, हृदय कमकुवत झाल्याने यकृतात साचलेलं रक्त आणि जोरात चाललेलं मद्यपान यांनीही आकडा खोटा चढतो. तुमचा एसजीपीटी साधारण दुप्पट आहे, पाचपटीच्या वर नाही, त्यामुळे सारा दोष त्यावर टाकता येणार नाही.

रक्ताच्या रिपोर्टवरून फिब-4, म्हणजे पुढे गेलेल्या फायब्रोसिसच्या धोक्याचा अंदाज देणारा आकडा, घरी काढता येतो. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने भागायचं. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, म्हणजे 2.1 लाख हे 210. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. 46 × 58 = 2668; 210 × 9 = 1890; उत्तर 1.41. 1.3 च्या खाली धोका कमी, 2.67 च्या वर जास्त. तुम्ही मधल्या पट्ट्याच्या अगदी सुरुवातीला आहात, तेव्हा फायब्रोस्कॅन सांगितला हे योग्यच झालं. तो नीट व्हायला हवा, एवढंच.

सोनोग्राफीत ग्रेड 1 आणि कॅप 312 यांचा मेळ बसवायच्या भानगडीत पडू नका. सोनोग्राफीचा ग्रेड हा यकृत मूत्रपिंडापेक्षा किती उजळ दिसतं याचा डोळ्यांनी केलेला अंदाज असतो. कॅप 275 च्या वर म्हणजे यकृतात चरबी आहे हे बऱ्यापैकी नक्की. ग्रेडच्या सीमा मात्र एकमेकांत मिसळतात. आणि सुरुवातीचा फायब्रोसिस साध्या सोनोग्राफीत दिसतच नाही.

तपासणी पुन्हा करा: 3 तास उपाशी, पाठीवर झोपून, उजवा हात डोक्यामागे, योग्य प्रोब, 10 वैध मापं, आयक्यूआर 30 टक्क्यांच्या आत. 8 च्या खाली आलं तर पुढे गेलेला फायब्रोसिस जवळपास बाद होतो. 12 च्या वर आलं तर यकृततज्ज्ञाकडे लवकर जा. 8 ते 12 च्या मध्येच राहिलं तरी तज्ज्ञांना दाखवा. ते एमआर इलास्टोग्राफी, म्हणजे एमआरआय मशीनवर यकृताचा ताठरपणा मोजणारी तपासणी, सांगतील. तिचा आकडाही केपीएतच छापतात, पण ती वेगळी राशी मोजते आणि आकडा सुमारे एक तृतीयांश येतो: तिथे 3.6 म्हणजे पुढे गेलेला फायब्रोसिस, फायब्रोस्कॅनवर 3.6 म्हणजे निरोगी यकृत. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून 'उतरलं' असं समजू नका.