सात वेळा दारातून परत

“हजेरी कमी भरलीय, मिडटर्मही गेली. आता सरांना तोंड कसं दाखवू? कोर्स सोडूनच देऊ का?” सत्र निम्म्यावर आलं की हा प्रश्न माझ्याकडे येऊ लागतो. शब्द थोडे इकडचे तिकडे, पण प्रश्न तोच. त्याला उत्तर म्हणून एका मुलाची हकिकत सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. आकडेही बदललेत, पण हिशेबाची जात तीच ठेवली आहे.

मुलगा दुसऱ्या वर्षाचा, विषय संख्याशास्त्र. खुर्चीत टेकल्या टेकल्या म्हणाला, “मॅडम, माझं सगळं संपलंय.” काय संपलं? “हजेरी.” किती भरलीय? “खूप कमी.” खूप कमी म्हणजे किती? यावर गप्प. फोन टेबलावर पालथा ठेवलेला. हजेरीचं पोर्टल त्याच फोनमध्ये होतं आणि पाच आठवड्यांत त्यानं ते एकदाही उघडलं नव्हतं. संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलाला स्वतःची टक्केवारी ठाऊक नव्हती. मला हसू आलं नाही. वजन वाढल्याची शंका असलेला माणूस काट्यावर उभा राहायचं टाळतो, तसलाच हा प्रकार.

त्याला कोर्स आउटलाइन उघडायला लावली. ही चार पानं पहिल्या तासाला वाटतात. तेव्हा ती कुणी वाचत नाही आणि गरज पडते तेव्हा भीतीनं वाचवत नाहीत. आम्ही ती मोठ्यानं वाचली. एकूण तास ४८. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर अंतिम परीक्षेला बसता येणार नाही. दहा मिनिटांहून उशिरा आलात तर ‘उशीर’ अशी नोंद, तीन उशीर मिळून एक गैरहजेरी. आजारपणाचं प्रमाणपत्र सात दिवसांच्या आत द्यायचं. गुणांची वाटणी : स्वाध्याय २०, मिडटर्म ३०, वर्गातला सहभाग १०, अंतिम परीक्षा ४०. पास व्हायला एकूण ४० हवेत, शिवाय अंतिम परीक्षेत वेगळे किमान १६.

मग पोर्टल. लाल अक्षरांत ६३ टक्के. त्यानं डोळे मिटूनच घेतले.

इथे बहुतेक मुलं फसतात, म्हणून जरा थांबते. पोर्टलवरची टक्केवारी आजवर झालेल्या तासांची असते आणि नियमाची ७५ टक्के सगळ्या सत्राची. तेव्हा ३० तास झाले होते, हा १९ ला हजर. ४८ च्या ७५ टक्के म्हणजे ३६. उरलेले तास १८. सगळे केले तर १९ अधिक १८, ३७. कागदावर ३७ आणि ३६ शेजारी शेजारी लिहिले आणि वही त्याच्याकडे सरकवली. तो बराच वेळ बघत राहिला. “म्हणजे अजून एक शिल्लक आहे?” एकच होता. पण त्याच्या मनात तो कधीच उणे वीसवर जाऊन बसला होता.

गुणांचंही तेच. स्वाध्यायांत २० पैकी १४, मिडटर्ममध्ये ३० पैकी ११. मिळून २५ हातात. सहभागाचा एकही गुण मिळाला नाही असं धरलं तरी एकूण ४० ला १५ कमी पडत होते आणि अंतिम परीक्षेचा किमान आकडा तर त्याहून एक जास्त, १६. त्याला वाटत होतं की ४० पैकी पस्तीसेक तरी लागतील. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःशीच ठरवून तो त्यावर महिनाभर झोप घालवत होता.

आकडे नीट झाल्यावर मी विचारलं, “या ११ गैरहजेऱ्या कुठल्या?” चार तापाच्या. डॉक्टरांचं प्रमाणपत्र होतं, पण सात दिवस उलटले म्हणून दिलंच नव्हतं. आणि बाकीच्या सात? खाली बघत म्हणाला, “त्या सातही वेळा मी आलो होतो.”

त्या वर्गाचं दार फळ्याच्या बाजूला आहे. उशिरा येणाऱ्याला सरांच्या टेबलावरून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून जावं लागतं. तापातून उठल्यावर पहिल्याच दिवशी याला बारा मिनिटं उशीर झाला. दाराच्या काचेच्या उभ्या पट्टीतून त्यानं आत पाहिलं. सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते, पहिल्या बाकावरच्या मुलीनं मान वळवली. हा दाराच्या मुठीवरचा हात काढून परत फिरला. पुढच्या तासाला वेळेवर निघाला, पण ‘मागच्या वेळी का नव्हतास’ विचारलं तर काय सांगू, या विचारात जिन्यावर रेंगाळला. परत उशीर, परत ती काच, परत माघार. असं सात वेळा. बुडत्याचा पाय खोलात.

आता नियम परत बघा. आत गेला असता तर त्याच्या नावावर उशीर लागला असता, म्हणजे एक तृतीयांश गैरहजेरी. परत फिरला म्हणून पूर्ण एक लागली. सात उशिरांच्या दोन गैरहजेऱ्या झाल्या असत्या, वर एक उशीर सुटा. पोर्टलवर त्याच्या नावापुढे ‘उशीर’ या रकान्यात शून्य होतं. इतकं स्वच्छ शून्य मी क्वचित पाहिलंय.

अॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञानं व्यसनमुक्तीच्या संदर्भात याची यंत्रणा मांडली होती. दारू सोडलेल्या माणसानं एखादा घोट घेतला की त्या घोटापेक्षा ‘मोडलंच आता, मी असाच’ ही भावना जास्त नुकसान करते आणि पुढचा पेला तीच ओतते. वर्गाच्या दारात दारू नसते, पण ‘तसंही गेलंच आहे’ हे वाक्य असतंच. म्हणून या मुलांना मी आळशी म्हणत नाही. आळशी मुलगा सात वेळा तयार होऊन दारापर्यंत येत नाही.

मग सरांना मेल. मी मेल लिहून देत नाही, समोर बसवून लिहून घेते. पहिल्या खर्ड्यात एकतीस ओळी, ‘क्षमस्व’ पाच वेळा, बालपणापासूनची शिस्त वगैरे. “यात सरांनी करायचं काय आहे?” असं विचारल्यावर तोच खोडू लागला. शेवटी राहिलं ते इतकंच :

“सर, मी आजवरच्या ३० पैकी १९ तासांना हजर आहे. उरलेले सगळे तास करायचं ठरवलं आहे. चार दिवस ताप होता, प्रमाणपत्र जोडतो आहे, मुदत उलटली याची कल्पना आहे. सहभागाचे गुण कशावर देता आणि त्यातले किती अजून मिळवता येतील, हे विचारायला तुमच्या भेटीच्या वेळेत येऊ का?”

सर मेहेरबान झाले, अशी गोष्ट नाही. प्रमाणपत्र उशिराचं म्हणून चार गैरहजेऱ्या तशाच राहिल्या. मला ते खटकलं, आजही खटकतं. ताप आलेला आणि उनाडणारा एकाच रकान्यात बसवणारा नियम सोयीचा असेल, न्याय्य नाही. पण सहभागाचे गुण वर्गात सोडवायच्या छोट्या उदाहरणांवर होते आणि त्यातली निम्म्याहून जास्त अजून व्हायची होती. आणखी एक गोष्ट सरांनी जाता जाता सांगितली : वर्गाला मागे दुसरं दार आहे, उशीर झाला तर तिकडून येत जा.

‘हजेरी सक्तीची कशाला?’ असं मुलं माझ्याशी भांडतात, म्हणून त्याबद्दल थोडं. क्रेडे, रॉच आणि किश्चिंका यांनी २०१० मध्ये या विषयावरची अनेक संशोधनं एकत्र तपासली. वर्गातली उपस्थिती आणि गुण यांचं नातं त्यांना घट्ट आढळलं, पण सक्तीच्या नियमाचा सरासरी गुणांवरचा परिणाम लहानच निघाला. म्हणजे वर्गात बसण्याचा उपयोग आहे, पण नियमाचा दंडुका त्या मानानं फार काही करत नाही. माझा अनुभव याच्याशी जुळतो. काठावरच्या मुलाला तर नियम कधीकधी आणखी दूर ढकलतो.

आणि सगळ्यांचा हिशेब जुळत नाही. त्याच सत्रात एका मुलीचे उरलेले सगळे तास धरूनही ३३ च्या वर जात नव्हते. तिच्याशी मी ‘प्रयत्न कर’ असं बोलले नाही. कोर्समधून नाव काढून घ्यायची शेवटची तारीख आम्ही बघितली. बऱ्याच विद्यापीठांत मुदतीत नाव काढलं तर गुणपत्रिकेवर तशी नोंद राहते, पण सरासरीत काही धरत नाहीत. नापास झालं तर मात्र शून्य धरलं जातं. क्रेडिट म्हणजे सरासरीतलं विषयाचं वजन. दहाच्या पट्टीवर २० क्रेडिटांपैकी १६ ना ८ श्रेणीगुण असले आणि ४ क्रेडिटांच्या विषयात शून्य आला, तर सरासरी ८ वरून ६.४ वर येते. शिष्यवृत्तीला किमान क्रेडिटांची अट असेल तर तेही आधी तपासायचं. तिनं नाव काढलं, पुढच्या वर्षी तोच विषय परत घेतला.

तो मुलगा मधे एकदा हादरून आला होता. पोट बिघडलं आणि शिल्लक असलेला एकुलता एक तास गेला. मागच्या दारानं दोन उशीरही झाले होते. तिसरा झाला की ३६ चे ३५. उरलेले दोन आठवडे तो वीस मिनिटं आधी येऊन वर्गाबाहेरच्या पायरीवर बसायचा.

अंतिम परीक्षेत ४० पैकी २१, सहभागाचे ६, एकूण ५२. निकालाच्या दिवशी त्यानं मला फोन दाखवला तो गुणांसाठी नव्हे. हजेरीचं पान उघडून ‘उशीर’च्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे २ होते.